विज्ञानाविषयीचा आदर आणि विज्ञानाची ओढ
माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तीच्या मापनासंबंधी

माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांची विज्ञान व तंत्रज्ञान ह्यांविषयीची अभिवृत्ती हा शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांसाठी वारंवार निवडला जाणारा विषय आहे. त्याची पद्धतीही बहुधा ठरून गेलेली असते. विज्ञानासंबंधीची वीस-पंचवीस विधाने एकत्र करावयाची. प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत पाच पर्याय ठेवावयाचे. आठवी ते दहावीच्या काही वर्गांकडून ती पत्रके भरून घ्यावयाची. गुणांची बेरीज करून मुलगे व मुली, शहरी व ग्रामीण असे गट पाडावयाचे आणि त्यांच्या सरासरींची तुलना करावयाची. शेवटी 'विद्यार्थ्यांची विज्ञानाविषयीची अभिवृत्ती अनुकूल आहे' असा निष्कर्ष नोंदविला जातो. हा निष्कर्ष खोटा असतो असे नाही. परंतु त्यावरून शिक्षकाने, मुख्याध्यापकाने अथवा पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्याने काय करावे, ह्याचा काहीच बोध होत नाही.

असे का व्हावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : 'विज्ञानाविषयीची अभिवृत्ती' ह्या एका नावाखाली निदान चार भिन्न गोष्टी नांदत असतात. त्या एकमेकींबरोबर वाढतात वा घटतात असे गृहीत धरण्यास आधार नाही. उलट, त्या एकमेकींपासून दूर जातात असेच आजवरच्या संशोधनातून दिसून आले आहे. म्हणून त्यांची बेरीज केली, की जे जाणून घ्यावयाचे तेच नेमके झाकले जाते.

प्रश्नाची पार्श्वभूमी

विज्ञान हा विषय ज्या काळी थोड्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित होता, त्या काळी विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तीचा प्रश्न फारसा निकडीचा नव्हता. ज्याला आवड, तो तिकडे वळे. स्वातंत्र्यानंतर ही स्थिती पालटली. ४ मार्च १९५८ रोजी भारत सरकारने विज्ञानधोरणाचा ठराव जाहीर केला. पुढे १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित हे विषय सर्वच विद्यार्थ्यांना शिकविले जावेत, अशी शिफारस केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी ह्यांच्या विकासाचा समावेश झाला.

ह्या तीन घटनांत तीन निरनिराळ्या अपेक्षा दडलेल्या आहेत, हे वाचकांच्या ध्यानात येईल. पहिलीत राष्ट्राच्या उभारणीसाठी वैज्ञानिक मनुष्यबळाची अपेक्षा आहे. दुसरीत प्रत्येक मुलाने विज्ञान हा विषय समजून घ्यावा ही अपेक्षा आहे. आणि तिसरीत विचार करण्याच्या एका रीतीची अपेक्षा आहे. एखाद्या मुलाने पहिली अपेक्षा पुरी करावी आणि तिसरी करू नये, किंवा तिसरी करावी आणि पहिली करू नये, हे सर्वथा संभवनीय आहे. मापनाच्या साधनाने निदान एवढा भेद तरी राखला पाहिजे.

अभिवृत्ती : एक शब्द, अनेक अर्थ

अभिवृत्तीचे मापन करता येते, हा विचार लुई थर्स्टन ह्यांनी १९२८ मध्ये आग्रहाने मांडला. रेन्सिस लिकर्ट ह्यांनी १९३२ मध्ये त्याहून सोपी अशी बेरजेची पद्धत सुचविली. आपल्याकडील बहुतेक श्रेणी तिच्याच धर्तीवर रचलेल्या असतात. बेरीज करण्यामागे एक अट आहे. सर्व विधाने एकाच गोष्टीविषयी असली पाहिजेत. उंची, वजन आणि वय ह्यांचे आकडे एकत्र मिळविले तर एक संख्या हाती येते खरी, परंतु ती कशाची संख्या हे कोणासही सांगता येणार नाही.

विज्ञानाच्या बाबतीत ही अट पाळली जात नाही, ह्याकडे पॉल गार्डनर ह्यांनी १९७५ मधील आपल्या समीक्षालेखात लक्ष वेधले. 'विज्ञानाविषयीची अभिवृत्ती' आणि 'वैज्ञानिक अभिवृत्ती' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. पहिलीत विज्ञान हा मनोभावाचा विषय असतो : ते आवडते की नाही, ते हितकारक वाटते की अहितकारक. दुसरीत पुरावा मागणे, मत बदलण्याची तयारी ठेवणे, घाईने निष्कर्ष न काढणे ह्या विचारसवयी अभिप्रेत असतात.

हाच भेद थोडा पुढे नेला, तर माध्यमिक विद्यार्थ्यांच्या संदर्भात चार घटक वेगळे काढता येतात :

(१) विज्ञानाच्या सामाजिक मूल्याविषयीचा आदर;
(२) शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विज्ञान विषयाविषयीची आवड-नावड;
(३) स्वतःच्या पुढील आयुष्यात विज्ञानाला स्थान देण्याची इच्छा;
(४) वैज्ञानिक विचाराच्या सवयी.

तंत्रज्ञानाविषयीची अभिवृत्ती हा आणखी एक स्वतंत्र विषय होय. त्याचा विचार पुढे केला आहे.

आदर आहे, ओढ नाही

पहिला व तिसरा घटक ह्यांतील अंतर प्रथम ठळकपणे दिसले ते अमेरिकेत. मार्गारेट मीड आणि रोडा मेत्रो ह्या मानवशास्त्रज्ञ विदुषींनी तेथील माध्यमिक विद्यार्थ्यांच्या सुमारे ३५,००० लघुनिबंधांचा अभ्यास करून १९५७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना सहमती विचारलेली नव्हती; अपुरे वाक्य देऊन ते स्वतःच्या शब्दांत पुरे करावयास सांगितले होते. वैज्ञानिक म्हटले की डोळ्यांपुढे काय येते, असा एक प्रश्न होता. आपण स्वतः वैज्ञानिक झालो, तर कशा प्रकारचे वैज्ञानिक व्हावयास आवडेल व कशा प्रकारचे आवडणार नाही, असे दुसरे प्रश्न होते. मुलींना ह्या प्रश्नाऐवजी वैज्ञानिकाशी विवाह करावयाचा झाल्यास तो कसा असावा, ह्याविषयी लिहिण्याची मुभा होती. त्या काळच्या समाजाची छाप ह्या प्रश्नावर स्पष्ट आहे.

उत्तरांत दोन पातळ्या आढळल्या. वैज्ञानिक ही राष्ट्राला व मानवजातीला आवश्यक अशी व्यक्ती आहे, ह्याविषयी विद्यार्थ्यांत एकमत होते. परंतु प्रश्न स्वतःच्या व्यवसायाचा किंवा स्वतःच्या जोडीदाराचा आला, की तोच वैज्ञानिक त्यांना एकलकोंडा, घराकडे दुर्लक्ष करणारा, नीरस आयुष्य कंठणारा वाटू लागे. केवळ सहमतीची विधाने दिली असती, तर ह्या विद्यार्थ्यांची अभिवृत्ती 'अत्यंत अनुकूल' म्हणून नोंदली गेली असती, ह्यात शंका नाही.

ही गोष्ट एका देशापुरती वा एका काळापुरती मर्यादित नाही. २००६ मध्ये 'पिसा' ह्या आंतरराष्ट्रीय परीक्षणात ५७ देशांतील व प्रदेशांतील पंधरा वर्षांच्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्या वर्षी विज्ञान हा मुख्य विषय होता व अभिवृत्तीविषयीचे प्रश्नही विचारलेले होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांची सरासरी पुढीलप्रमाणे होती. निसर्ग समजून घेण्यासाठी विज्ञान महत्त्वाचे आहे असे ९३ टक्के विद्यार्थ्यांना वाटत होते. विज्ञान व तंत्रज्ञानातील प्रगतीमुळे सामान्यतः लोकांचे राहणीमान सुधारते असे ९२ टक्क्यांना वाटत होते. विज्ञानाचा आपल्या स्वतःशी जवळचा संबंध आहे असे म्हणणारे मात्र ५७ टक्केच होते. विज्ञानाशी संबंधित व्यवसाय करण्याची इच्छा ३७ टक्क्यांना होती, आणि प्रगत विज्ञानात आयुष्य घालवावे असे वाटणारे केवळ २१ टक्के होते.

प्रश्न जसजसा समाजाकडून स्वतःकडे सरकतो, तसतशी सहमती उतरत जाते. हा उतार म्हणजेच अभिवृत्तीविषयीची खरी माहिती. ९३, ९२, ५७, ३७ व २१ ह्यांची सरासरी काढली, तर ती साठाच्या आसपास येईल, आणि 'साठ टक्के अनुकूल' असे एक विधान मिळेल. त्या विधानात ह्या उताराचा मागमूसही उरणार नाही.

देशादेशांतील फरक आणि एक सावधगिरी

ऑस्लो विद्यापीठातील स्वेन श्योबर्ग व कॅमिला श्राइनर ह्यांच्या पुढाकाराने ह्या शतकाच्या पहिल्या दशकात 'रोज' नावाचा तुलनात्मक प्रकल्प हाती घेण्यात आला. सुमारे चाळीस देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचा त्यात समावेश होता. भारतातून मुंबई व गुजरात येथील विद्यार्थ्यांची उत्तरे त्यात आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान समाजाला महत्त्वाचे आहे, ह्याविषयी बहुतेक सर्व देशांत सहमती आढळली. परंतु 'मला वैज्ञानिक व्हावयास आवडेल' ह्या विधानापाशी देश एकमेकांपासून दूर गेले. युगांडा, बांगलादेश ह्यांसारख्या देशांतील विद्यार्थ्यांनी त्यास मोठ्या प्रमाणात होकार दिला. युरोपातील सधन देशांत व जपानमध्ये, विशेषतः मुलींनी, नकार दिला. मानवी विकासाचा निर्देशांक जितका वरचा, तितकी विज्ञानाकडे वळण्याची इच्छा कमी, असा हा संबंध होता.

ह्याचा अर्थ लावताना प्रकल्पाच्या कर्त्यांनी समाजाच्या अवस्थेकडे लक्ष वेधले आहे. जेथे रस्ते, वीज, रुग्णालये अद्याप उभारावयाची आहेत, तेथे अभियंता व वैज्ञानिक हे प्रगतीचे प्रतीक असतात, आणि शाळेत जाऊ शकणे हेच भाग्य असते. जेथे ह्या गोष्टी जन्मापासून लाभलेल्या असतात, तेथे तरुण पिढी 'मी कोण होऊ इच्छितो' ह्या प्रश्नाचे उत्तर व्यवसायातून शोधते, आणि विज्ञानाचे चित्र तिला आपल्या व्यक्तिमत्त्वाशी जुळणारे वाटत नाही. इंग्लंडमधील 'रोज' प्रकल्पाची माहिती मांडताना एडगर जेंकिन्स व एन. डब्ल्यू. नेल्सन ह्यांनी २००५ मध्ये आपल्या लेखाला 'महत्त्वाचे, पण माझ्यासाठी नव्हे' अशा अर्थाचे शीर्षक दिले. संपूर्ण परिस्थितीचे सार त्यात आले आहे.

येथे संशोधक विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावयास हवी. देशांची तुलना केली असता आवड अधिक तेथे संपादन कमी, असे चित्र पिसाच्या माहितीत दिसते. परंतु एकाच देशातील विद्यार्थ्यांची तुलना केली असता, ज्याची आवड अधिक त्याचे संपादनही सामान्यतः अधिक असते. समूहांच्या सरासरींमधील संबंध व्यक्तींना लावणे हा संख्याशास्त्रातील परिचित दोष आहे. शाळांच्या सरासरी घेऊन विद्यार्थ्यांविषयी निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधांतही तो शिरू शकतो.

विज्ञान शाखा आणि विज्ञानाची आवड

महाराष्ट्रात तिसऱ्या घटकाचे मापन आणखी एका कारणाने अवघड होते. दहावीनंतर कला, वाणिज्य व विज्ञान अशा शाखा निवडावयाच्या असतात, आणि त्यांत विज्ञान शाखेला प्रतिष्ठेचे स्थान आहे. चांगले गुण मिळाले की विज्ञान शाखा घ्यावयाची, हा संकेत अनेक घरांत इतका रूढ आहे, की तेथे निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. वैद्यकीय व अभियांत्रिकी अभ्यासक्रमांची वाट त्या शाखेतून जाते, हे त्याचे उघड कारण. अशा परिस्थितीत 'मी विज्ञान शाखेला जाणार आहे' ह्या विधानास मिळालेली सहमती ही विज्ञानाच्या ओढीची खूण आहे, की घरच्यांच्या अपेक्षेची, की अपेक्षित गुणांची, हे सांगता येत नाही.

ह्यावर उपाय म्हणजे निवडीतील निरनिराळी कारणे सुटी करणारी विधाने रचणे. उदाहरणार्थ : 'गुण चांगले मिळाले, तर मी विज्ञान शाखा घ्यावी असे घरच्यांना वाटते', 'सर्व शाखांतून सारखाच पगार मिळणार असता, तरीही मी विज्ञानच निवडले असते', 'परीक्षेत विचारणार नाहीत हे ठाऊक असूनही एखादी वैज्ञानिक माहिती मी शोधून वाचली आहे'. ह्यांतील पहिले विधान दडपण मोजते, दुसरे इच्छा, आणि तिसरे प्रत्यक्ष वर्तन. तिन्ही एका बेरजेत घालणे हे साधन बिघडविण्यासारखे आहे.

मुलगे व मुली ह्यांच्या तुलनेसही हीच गोष्ट लागू पडते. पाश्चात्त्य संशोधनावरून 'मुलींची अभिवृत्ती मुलग्यांपेक्षा कमी अनुकूल असेल' असे परिकल्पन पुष्कळदा जसेच्या तसे उचलले जाते. पाश्चात्त्य देशांतील चित्र खरोखरच एकांगी होते. डेव्हिड वेड चेंबर्स ह्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ लहान मुलांनी काढलेल्या वैज्ञानिकांच्या चित्रांपैकी केवळ २८ चित्रे स्त्रियांची होती, आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७८ अमेरिकी अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, नंतरच्या दशकांत स्त्री-वैज्ञानिकांच्या चित्रांचे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. भारतातील वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेतील ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.५ लाख मुली व २७.७ लाख मुलगे होते. अभियांत्रिकीत मात्र मुलींचे प्रमाण मुलग्यांहून पुष्कळच कमी राहिले आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान ह्यांना एकाच श्रेणीत गोवले, तर हे दोन विरुद्ध कल एकमेकांस पुसून टाकतील, आणि संशोधक 'लक्षणीय फरक आढळला नाही' असे लिहून मोकळा होईल.

तंत्रज्ञान म्हणजे काय?

तंत्रज्ञानाविषयीच्या अभिवृत्तीचा स्वतंत्र अभ्यास नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे यान राट व मार्क द व्रीस ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात सुरू केला. अभिवृत्ती मोजण्यापूर्वी विद्यार्थी 'तंत्रज्ञान' ह्या शब्दाने काय समजतात हे पाहिले पाहिजे, ही त्या परंपरेची मोठी शिकवण होय. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या मते तंत्रज्ञान म्हणजे वस्तू, आणि त्याही नव्या, विजेवर चालणाऱ्या वस्तू. गरज ओळखणे, आराखडा करणे, साहित्य निवडणे, बनविणे, चाचणी घेणे ही प्रक्रिया त्यांच्या कल्पनेत क्वचितच असते.

आपल्याकडेही ही शंका घ्यावयास जागा आहे. महाराष्ट्रात इयत्ता दहावीचे २०१८ चे पाठ्यपुस्तक 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' ह्या नावाचे असून ते दोन भागांत आहे. नावात दोन्ही शब्द एकत्र आल्यामुळे विद्यार्थ्यास ती जोडी एकच वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून तंत्रज्ञानाविषयी मत विचारण्याआधी वस्तूंची व कृतींची एक यादी द्यावी : मोबाइल, कोयता, ठिबक सिंचन, मातीची चूल, लस, लोणचे टिकविण्याची रीत, विहिरीवरची मोट, संगणकाचा कार्यक्रम. ह्यांपैकी तंत्रज्ञान कशास म्हणाल, आणि का, असे विचारावे. जो विद्यार्थी केवळ मोबाइल व संगणक निवडतो, त्याने पुढे दिलेली सहमती ही त्या दोन वस्तूंविषयीची आहे, एवढेच म्हणता येईल. आपल्या घरातील लोहार, गवंडी वा शेतकरी ह्यांच्या कौशल्याला तो तंत्रज्ञान मानत नाही, हा शोध कोणत्याही सरासरीपेक्षा शिक्षकाच्या अधिक उपयोगी पडेल.

शब्दांची अडचण

परभाषेतील श्रेणीचे भाषांतर करून ती वापरण्याची प्रथा आहे. त्यात मराठी शब्दांच्या अर्थच्छटा विचारात घेतल्या जात नाहीत. 'शास्त्र' हा शब्द पाहावा. रसायनशास्त्र हेही शास्त्र आणि धर्मशास्त्र हेही शास्त्रच. 'असे करण्याचे शास्त्र आहे' ह्या घरगुती वाक्यात शास्त्र म्हणजे रूढी. 'शास्त्रापुरते' म्हणजे नावाला. मग 'शास्त्राने सांगितलेल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे' ह्या विधानास सहमती देणाऱ्या मुलाच्या मनात नेमके काय असेल? 'शास्त्रीय' म्हटले की संगीतही आठवते. 'तंत्र' ह्या शब्दाला तंत्र-मंत्राचा शेजार आहे, आणि 'यंत्र' म्हणजे देव्हाऱ्यातील ताम्रपटही असू शकतो. म्हणून श्रेणीत 'शास्त्र' टाळून 'विज्ञान' हा शब्द सर्वत्र एकसारखा वापरावा, आणि शक्य तेथे शब्दाऐवजी प्रसंग द्यावा.

नकारार्थी विधानांचीही अशीच अडचण आहे. 'विज्ञानाचा तास मला नकोसा वाटत नाही' ह्या विधानाशी असहमत होणे म्हणजे तास नकोसा वाटणे. परंतु आठवीतील मुलाला तीन नकारांचा हिशेब मांडावयास लावणे म्हणजे अभिवृत्तीऐवजी वाचनाची परीक्षा घेणे होय. प्रतिकूल विधाने जरूर असावीत, पण ती सरळ असावीत : 'विज्ञानाचा तास संपला की मला बरे वाटते.'

वैज्ञानिक वृत्तीचे मापन

चौथा घटक सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. 'मी प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागतो' असे विधान दिले, तर चांगला विद्यार्थी होकारच देणार. कारण तसे उत्तर अपेक्षित आहे हे त्याला कळते. वैज्ञानिक वृत्ती मतातून नव्हे, प्रसंगातून पाहावी लागते. प्रयोगवही हे त्यासाठी उत्तम स्थान आहे. पुढील प्रश्न पाहावा : 'प्रयोगात तुमचे निरीक्षण पुस्तकातील उत्तराशी जुळले नाही. तुम्ही काय कराल? (अ) पुस्तकातील उत्तर लिहीन. (आ) मित्राच्या वहीतील वाचन घेईन. (इ) प्रयोग पुन्हा करीन. (ई) जे दिसले तेच लिहून कारण शोधीन.' येथे प्रत्येक पर्याय वर्गातील प्रत्यक्ष वर्तनाशी संबंधित आहे. प्रात्यक्षिकाचे गुण 'बरोबर' उत्तरालाच मिळत असतील, तर पहिला पर्याय निवडणारा विद्यार्थी अवैज्ञानिक आहे असे म्हणण्यापेक्षा, शाळेने त्याला तसे शिकविले आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

दुसरे क्षेत्र ग्रहणाचे. पृथ्वी, चंद्र व सूर्य ह्यांची आकृती बिनचूक काढून पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी ग्रहणकाळात अन्न वर्ज्य करताना आढळतो. ह्याला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही. नायजेरियातील शिक्षणतज्ज्ञ ओलुग्बेमिरो जेगेडे ह्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, शाळेतील ज्ञान व घरातील ज्ञान विद्यार्थ्याच्या मनात शेजारी शेजारी, एकमेकांस न भिडता राहू शकते. एक परीक्षेसाठी, दुसरे जगण्यासाठी. अशा विद्यार्थ्यास विज्ञानाविषयी अनादर नसतो. किंबहुना पहिल्या घटकात त्याचे गुण सर्वांत वरचे असू शकतात. विज्ञानाविषयीचा आदर हा वैज्ञानिक वृत्तीचा पुरावा नव्हे, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

बेरीज नको, आलेख हवा

ह्या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. चार घटकांची प्रत्येकी पाच विधाने, प्रत्येक विधानास कमाल पाच गुण. म्हणजे प्रत्येक घटकाचे २५ व एकूण १०० गुण. पहिल्या विद्यार्थिनीस चार घटकांत अनुक्रमे २४, २०, १८ व १० गुण मिळाले. दुसरीस १८, १४, १६ व २४. दोघींची बेरीज ७२. बेरजेच्या दृष्टीने त्या एकसारख्या. वस्तुतः पहिली विज्ञानाची भक्त आहे, पण चिकित्सक नाही. दुसरी चिकित्सक आहे, पण शाळेतील विज्ञानाने तिला आपलेसे केलेले नाही. पहिलीला प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे विचार करण्याची संधी हवी. दुसरीला तिच्या प्रश्नांना वाव देणारा शिक्षक हवा. दोघींना एकच उपाय सुचविणारे साधन दोघींवरही अन्याय करील.

म्हणून प्रबंधात पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. घटकांचे गुण वेगवेगळे द्यावेत व त्यांच्यातील सहसंबंधही द्यावा. सर्वच विद्यार्थी ज्याशी सहमत होतात, अशी 'विज्ञानाने मानवाचे जीवन सुखकर केले आहे' यांसारखी विधाने पूर्वचाचणीनंतर काढून टाकावीत. वरच्या २७ टक्के व खालच्या २७ टक्के गटांत ज्या विधानाची सरासरी सारखीच, ते विधान काहीच मोजत नाही. ली क्रॉनबॅक ह्यांनी १९५१ मध्ये मांडलेला आल्फा गुणांक उच्च आला, म्हणजे श्रेणी एकाच गोष्टीचे मापन करते, असे समजू नये. विधानांची संख्या वाढविली तरी तो वाढतो. एकघटकता पाहावयाची तर घटक-विश्लेषण करावे लागते. मधला 'अनिश्चित' हा पर्याय ठेवावा की नाही, हे विचारपूर्वक ठरवावे. 'रोज' प्रकल्पात तो ठेवलेला नव्हता व चारच पर्याय दिलेले होते. पत्रके विज्ञानशिक्षकाच्या हस्ते भरून घेऊ नयेत. जो प्रात्यक्षिकाचे गुण देतो, त्याच्यासमोर त्याचा विषय आवडत नाही असे कोणता विद्यार्थी लिहील? आणि दहा-पंधरा विद्यार्थ्यांची तरी मुलाखत घ्यावी. मीड व मेत्रो ह्यांना जे दिसले, ते विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या शब्दांतून दिसले.

समारोप

अभिवृत्तीच्या संशोधनाचा परिणाम प्रबंधापुरता राहत नाही. 'अभिवृत्ती अनुकूल आहे' असा अहवाल गेला, की प्रयोगशाळेचे कुलूप उघडण्याची निकड कोणालाच भासत नाही. 'ग्रामीण विद्यार्थ्यांची अभिवृत्ती प्रतिकूल आहे' असा अहवाल गेला, की दोष विद्यार्थ्यांच्या माथी बसतो, आणि शाळेत विज्ञानाचा शिक्षक होता की नाही हे विचारले जात नाही. आपल्या विद्यार्थ्यांना विज्ञानाविषयी आदर आहे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर साधन न रचताही बहुधा देता येईल. तो आदर कोठे थांबतो, वर्गाच्या दाराशी, प्रयोगवहीच्या पानावर, शाखा निवडताना की घराच्या उंबरठ्यावर, हे शोधणे कष्टाचे आहे. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपले श्रम ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळविले, तर त्यांच्या निष्कर्षांचा उपयोग शाळांना करता येईल.